वाटेवरच्या पेशी

४ नोव्हेंबर

वन्सं,

नमस्कार. विनंती काही नाही. विशेष आहे ते लिहिते.

रविवारी तुम्ही फोनवर तुमच्या दादांना काय सांगितलंत, ते मी शेजारी उभी राहून ऐकलं. मेंदूत नव्या पेशी जन्माला येतात, साठीतसुद्धा येतात, चालत चालत वासाच्या जागी जाऊन बसतात, तू धीर धर. एवढं बोलून तुम्ही फोन ठेवलात. इथे काय झालं ते तुम्हाला कुठून दिसणार? सोमवारपासून हे उठल्या उठल्या खिडकीत जाऊन बसतात आणि डोळे मिटून श्वास ओढतात. मी विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणाले, "वाट बघतोय. निघाल्यात म्हणे."

साबणाच्या कारखान्यात ह्यांचा हुद्दा काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. दरवानापासून मालकापर्यंत सगळे ह्यांना 'नाक' म्हणतात. नाकाने होकार दिल्याशिवाय साबणाचा एक घाणा बाहेर जात नाही. ऑगस्टात हे पडले, डोकं मागून आपटलं, आणि तेव्हापासून ह्यांना फुलाचा नाही की गटाराचा नाही, कसलाच वास येत नाही. इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आला तर आला, नाही तर सवय करून घ्या. मी सवय करून देत होते. जेवताना "आज यात काय घातलंय ओळखा" असले खेळ बंद केले होते. कारखान्याने खुर्ची मेपर्यंत राखून ठेवली आहे, मग चाचणी घेणार आहेत. तोवर ह्यांचं मन तयार करायचं होतं. तुम्ही एका फोनमध्ये सगळ्यावर पाणी ओतलंत.

तुमचे प्रयोगशाळेतले उंदीर तुमच्यापाशी ठेवा. फोनवर आपण दोघी ओरडतो आणि कुणीतरी एक ठेवून देते, म्हणून पत्र लिहिलं. उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल.

— वहिनी


१३ नोव्हेंबर

वहिनींस,

तुमचं पत्र प्रयोगशाळेत वाचलं, म्हणून शब्द जपून वापरते. घरी वाचलं असतं तर जपले नसते.

आधी त्या पडण्याचं. पडदे धुवायला काढायची घाई तुम्हाला होती आणि स्टुलावर ठेवलेल्या स्टुलावर चढला साठीतला माणूस. तेव्हा कुणी कशावर पाणी ओतलं याचा हिशेब नको करायला.

आता शिकवते ते ऐका. मेंदूच्या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच, गेल्या की गेल्या, असं तुम्ही शाळेत मुलींना शिकवलंत. पुस्तकात तेच होतं. पुस्तक चूक होतं. मी उंदराच्या मेंदूचे केसाहून पातळ काप घेते, काचेवर पसरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजते. नव्या पेशीला जन्मताना रंगाची खूण केलेली असते. मेंदूच्या आत पाण्याने भरलेली पोकळी आहे, तिच्या भिंतीत या पेशी जन्मतात. तिथून एकमेकींना धरून रांगेने निघतात आणि पार पुढे, नाकाच्या वर, गंधकंद म्हणून एक गाठ असते तिथवर जातात. कितीतरी मरतात. ज्यांना काम मिळतं त्या टिकतात. ही रांग मी हजार वेळा पाहिली आहे. माणसात मोठेपणी ही रांग चालते की नाही, यावर आमच्यात भांडण आहे. मी 'चालते' म्हणणाऱ्यांत आहे आणि आम्ही थोडे आहोत. दादाला भांडणाचं सांगितलं नाही, कारण त्याने विचारलं नाही.

पण नाकाच्या आतल्या पेशी माणसातही जन्मभर नव्या येत राहतात, यावर कुणाचंच भांडण नाही. दादाच्या बाबतीत काय झालं असेल? नाकातून मेंदूत जाणारे बारीक तंतू चाळणीसारख्या एका हाडातून वर जातात. डोकं आपटलं की ते तुटतात. नवे फुटू शकतात. त्यांना काम द्यावं लागतं.

सोबत चार बाटल्या आहेत: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. नावं नाहीत, फक्त आकडे आहेत. कोणत्या आकड्याला काय, ते वेगळ्या पाकिटात तुमच्यासाठी आहे. सकाळ-संध्याकाळ त्याने एकेक हुंगायची आणि नाव सांगायचं. तुम्ही मला कळवायचं. मध्ये नाक खुपसू नका.

— वन्सं


१८ जानेवारी

वन्सं,

तुम्ही सांगितलंत म्हणून नव्हे, ह्यांनी हट्ट धरला म्हणून बाटल्या सुरू केल्या.

पहिला महिनाभर नन्नाचा पाढा होता. डिसेंबरात निलगिरी ओळखली, मग लवंग. मी बाटल्यांची अदलाबदल करून पाहिली, तरी ओळखली. या आठवड्यात चारही बरोबर येत आहेत. हे टेबलाशी बसतात, कागदाची पट्टी बुडवतात, हवेत हलवतात, उजेडाकडे धरतात, दोन बोटांत चोळतात, आणि मग नाकाशी नेऊन निकाल देतात. कारखान्यातली पद्धत आहे म्हणे. त्या वेळी चेहराही कारखान्यातला होतो, मान ताठ होते. काल मला म्हणाले, "लिहून टाक छोटीला. चारपैकी चार."

मी खोटं लिहीत नाही, म्हणून हे कळवलं. पण एक खटकलं तेही कळवते. परवा दूध उतू जाऊन करपलं. मी मागच्या दारी होते, तिथवर वास आला. हे शेगडीपासून हातभर अंतरावर वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटलं, बस्स.

— वहिनी


२५ जानेवारी

वहिनींस,

चारपैकी चार! आणि तुम्ही दूध घेऊन बसलात. करपलेलं दूध आपल्या चार वासांत नाही. शिकवलेले वास आधी येतात, बाकीचे मागून. तुम्हाला तो बरा होतोय याचाच राग येतो आहे, असं मला वाटायला लागलं आहे. पडून असलेला नवरा ताब्यात राहतो.

कारखान्याला मी आजच पत्र घातलं आहे की नाक परत येतंय, चाचणी मेपर्यंत थांबवण्याची गरज नाही. आमच्या संस्थेच्या बैठकीतही सांगितलं. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मला तुमच्याकडून ऐकायचं नाही. मी ते इतरांना शिकवते. पण जे मला वीस वर्षं 'उंदीरबाई' म्हणत आले, ते त्या दिवशी गप्प बसले. बरं वाटलं.

बाटल्या चालू ठेवा.

— वन्सं


९ फेब्रुवारी

वन्सं,

हे पत्र उभ्याने वाचू नका.

मी शाळेत उपमुख्याध्यापिका होते हे तुम्ही विसरता. परीक्षेच्या वर्गात मी किती वर्षं फेऱ्या मारल्या असतील! कॉपी करणारी मुलगी चुकीच्या उत्तरावरून सापडत नाही. विचार करणारी मुलगी छताकडे बघते. कॉपी करणारी खाली बघते. तुमचे दादा हुंगायच्या आधी खाली बघतात, पट्टीकडे. हे माझ्या डोक्यात बसायला महिना लागला, कारण समोर नवरा होता. मुलगी असती तर पाच मिनिटांत बाहेर काढली असती.

काल मी टॉवेल घेतला आणि ह्यांचे डोळे बांधले. "हे काय?" म्हणाले. मी म्हटलं, "हात मांडीवर ठेवा." पट्टी मी धरली, नाकाशी मी नेली. गुलाब. गप्प. लिंबू. गप्प. लवंगेला म्हणाले, "जरा चरचरतंय, लवंग." निलगिरीला म्हणाले, "गार. निलगिरी." मग पुन्हा गुलाब धरला. दोनदा हुंगून म्हणाले, "सोड आता. टॉवेल काढ."

"कसं ओळखत होतात?"

"निलगिरीचा गारवा आणि लवंगेचा चटका म्हणजे वास नव्हे गं. ते कातडीला कळतं. डोळ्यांत कांद्याचं पाणी येतं ते काय डोळ्यांना वास येतो म्हणून?"

"आणि बाकीचे दोन?"

"लिंबाचं तेल पट्टीवरून उडून जातं, डाग राहत नाही. गुलाबाचा राहतो. जन्मभर पट्ट्याच बघितल्यात मी."

"मग हे नाटक कशासाठी? खुर्चीसाठी?"

"खुर्चीवर बसून काय करू? पट्टी उजेडाकडे धरून साबण विकू?" आणि मग हळूच म्हणाले, "छोटीसाठी. तिला सगळे हसतात. एकदा तरी तिचं खरं ठरू दे म्हटलं."

ऐकलंत? तुम्ही भावाला बरं करत नव्हता. भाऊ तुमचे लाड करत होता.

तुमच्या प्रयोगशाळेत काच कुठल्या उंदराची ते मोजणाऱ्याला कळू नये म्हणून काचांवरचे आकडे चिकटपट्टीने झाकतात, हे तुम्हीच आमच्याकडे जेवायला आला होतात तेव्हा फुशारकीने सांगितलं होतंत. उंदरांच्या बाबतीत एवढी काळजी, आणि भावाचे डोळे झाकायचं सुचलं नाही? तुम्हाला जे उत्तर हवं होतं तेच आलं, म्हणून पेपर तपासलाच नाहीत. माझ्या शाळेत असं करणाऱ्या बाईंना मी पुन्हा वर्ग दिला नसता.

— वहिनी


१६ फेब्रुवारी

वहिनींस,

कारखान्याला आधीचं पत्र मागे घेत असल्याचं कळवलं आहे. बैठकीतही सांगितलं. कोण हसलं ते ऐकायची तुम्हाला उत्सुकता असेल. सगळे.

चिकटपट्टीचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. त्यापुढे तुम्ही जे म्हणता ते म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही.

दादाला सांगा, मला लाड नको होते. बाटल्या फेकून द्या. आता पत्र नको.

— वन्सं


२ जुलै

वन्सं,

पत्र नको म्हणाला होतात. मलाही हौस नाही. पण एकदा वाचा, मग फाडा.

मेमध्ये ह्यांनी चाचणी दिली नाही. कारखान्यात गेले, मालकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "नाक गेलं. दुसरं बघा." मालक म्हणाले, "अहो, बसा तर." हे बसले नाहीत. दरवानाने नेहमीसारखा सलाम केला तेव्हा मात्र रडले, असं बरोबर गेलेल्या शेजाऱ्यांनी मला सांगितलं. मला ह्यांनी काही सांगितलं नाही. टॉवेलच्या दिवसापासून ह्यांनी मला काही सांगायचं सोडलंच आहे.

तेही मी सोसलं. आता नवीन सुरू झालं आहे आणि ते सोसवत नाही. म्हणून लिहिते.

गेला महिनाभर हे माझ्यापासून दूर सरकतात. मी शेजारी येऊन बसले की उठतात. ताट वाढायला वाकले की मान फिरवतात. एकदा पाहुण्यांदेखत नाकाला रुमाल लावला. विचारलं तर "काही नाही." गेल्या आठवड्यात न्हाणीघरातला माझा साबण कचऱ्याच्या डब्यात सापडला. कुठला साबण ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या लग्नाच्या वर्षी ह्यांनीच तो केला, गुलाब आणि देवदार, आणि वडी हातात ठेवून म्हणाले होते, "हा तुझ्यावर बेतलाय." त्यानंतर मी दुसरा साबण अंगाला लावलेला नाही.

मी वडी डब्यातून काढली, धुतली आणि ह्यांच्यासमोर धरली. "हा अपमान कशासाठी?" तेव्हा तोंडातून निघून गेलं, "रबर जळतंय अंगाला! घाण!" आणि लगेच तोंड दाबून धरलं. "मी काही बोललो नाही. माझा माझ्यावर विश्वास नाही. विसर."

विसरू? एवढी वर्षं एका खोलीत काढल्यावर मला रबर म्हणता आणि विसरू? नाक गेलेल्या माणसाने वास कसला सांगावा? सरळ दिसतंय की ह्यांना माझा वीट आला आहे. मी ह्यांना उघडं पाडलं, त्याचा हा सूड आहे. चालेल. मी माझं अंथरूण पुढच्या खोलीत आणलं आहे. तुमचा भाऊ तुमच्यापाशी घेऊन जा. तुमच्यासाठी नाटकं करायला त्याला आवडतं. माझ्याशी वागताना तेवढंही करवत नाही.

— वहिनी


६ जुलै

वहिनींस,

पत्र आत्ता मिळालं. राग येण्याआधी हे करा, राग नंतर कधीही येईल.

दादाला काही सांगू नका. एक शब्दही नको. दुसऱ्याची आशा माणसाला काय करायला लावते ते मी एकदा पाहिलं आहे.

तुम्ही म्हणता, नाक गेलेल्या माणसाने वास कसला सांगावा. तेच मी विचारते. दोन शक्यता आहेत. एक, डोक्याला मार लागलेल्यांना कधीकधी नसलेले वास येतात. ते कुठेही येतात, केव्हाही येतात, खोलीत कुणी नसलं तरी येतात. दुसरी शक्यता अशी की जे तंतू नव्याने चाळणीतून वर गेले, ते भलत्याच घरात शिरले. नवा पोस्टमन, जुनी गल्ली. गुलाबाचं पत्र रबराच्या दारात टाकतो. नाक परत येतं तेव्हा कितीदा असंच येतं, वाकडं आणि घाणेरडं. दादालाही हे ठाऊक असणार. पण त्याने एकदा खोटं सांगितलं, म्हणून आता खरं वाटतं तेही बोलायला धजत नाही. आणि मला लाड नकोत असं मी कळवलं आहे, हेही आहेच.

दोन्हींतलं कुठलं ते ओळखायची एकच रीत आहे आणि ती तुम्हाला माझ्याहून चांगली येते. टॉवेल काढा. पट्ट्या तुम्ही धरू नका, शेजारणीला धरायला सांगा; तुम्ही खोलीत असू नका, तुमच्या पावलांवरून तो ओळखील. काही पट्ट्या साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या, काही साध्या पाण्यात. क्रम शेजारणीलाही कळता कामा नये. चारही बाटल्या घ्या. तुम्ही त्या फेकल्या नसणार. तुम्ही काहीच फेकत नाही.

नकार आला तर मला कळवू नका. होकार आला तर दोनदा करून मग कळवा.

ह्या माझ्या रांगेतल्या पेशी आहेत की नुसते नाकातले तंतू, ते दादाचं डोकं कापून पाहिल्याशिवाय कळायचं नाही, आणि तुम्ही त्याला परवानगी देणार नाही.

— वन्सं


१५ जुलै

वन्सं,

दोनदा नाही, चार वेगवेगळ्या दिवशी केलं. तुमचं ऐकलं असं होऊ नये म्हणून.

शेजारणीला आधी हसू आवरेना. "बाई, नवऱ्याचे डोळे बांधायला तुम्ही मला का बोलावता?" मी म्हटलं, "हसायचं असेल तर घरी जा. परीक्षा आहे." मग गंभीर झाली. मी पट्ट्या एकसारख्या पुरचुंड्यांत घालून पाटीत मिसळून दिल्या. कुठल्या पुरचुंडीत काय ते आतल्या खुणेवरून नंतरच कळायचं. मी दाराबाहेर जिन्यात बसले, चप्पल काढून.

हे कुरकुरले. "पुन्हा टॉवेल? आता कसली चोरी पकडायची राहिली?" पण हात आपणहून मांडीवर ठेवले.

आता निकाल. साधं पाणी: काही नाही, दरवेळी काही नाही. लिंबू: काही नाही. लवंग आणि निलगिरी: चरचर आणि गारवा, ते मोजत नाही. साबणाची पट्टी: दरवेळी तोंड फिरवलं, "रबर". गुलाबाची पट्टी: "रबर, पण लांबून." शेजारीण बाहेर येऊन मला म्हणाली, "अहो, तुम्ही रडताय?" मी म्हटलं, "जिन्यात धूळ आहे."

पुरचुंड्या उघडून जुळवल्या. एकही चुकली नाही. मग टॉवेल मीच काढला आणि ह्यांच्यासमोर सगळ्या मांडल्या. ह्यांनी एकेक खूण वाचून पाहिली. मग साबणाची पट्टी स्वतः उचलून नाकाशी नेली, ओकारी आल्यासारखं केलं, आणि पुन्हा नेली. म्हणाले, "छोटीला कळवलंस?" मी म्हटलं, "कळवते. पण ह्या वेळी तिचे लाड म्हणून नाही."

कारखान्याची खुर्ची गेली ती गेली, तिथे आता दुसरं नाक बसलं आहे. ते परत मागायचं नाही असं ह्यांनीच ठरवलं. तुमच्या बैठकीत हे सांगायचं असेल तर सांगा. डोळे बांधले होते का असं कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. डोक्याचं म्हणाल तर ते आमच्या माघारी मागा. जिवंतपणी मला लागतं.

तुमचे आभार मानत नाही. पडद्यांचं तुम्ही लिहिलंत ते मी विसरलेले नाही, आणि मी लिहिलेलं तुम्ही विसरावं अशी अपेक्षा नाही.

गुलाबाला रबर म्हणणाऱ्याला मी जन्मात पास केलं नसतं. उत्तर साफ चूक आहे. पण या वेळी कॉपी नाही, म्हणून गुण दिले.

अंथरूण अजून पुढच्या खोलीत आहे. हे काल दारात येऊन म्हणाले, "थोडे दिवस साधा साबण लावलास तर?" मी नाही म्हटलं. तोच लावणार. दोन्ही वेळा, जवळ बसून. आता तो ह्यांचा अभ्यास आहे.

— वहिनी